कापडाच्या दुकानात बोलायचं कसं : घरी शिवायला लागलेल्यांसाठी

शिवणक्लासात माप घ्यायला शिकवतात, कटिंग शिकवतात, काज-बटण शिकवतात. कापड आणायला मात्र कुणी सोबत येत नाही. मग नवीन शिकलेली एखादी बाई संभाजीनगरच्या गुलमंडीत, लातूरच्या गंजगोलाईत नाहीतर नांदेडच्या वजिराबादेत दुकानाची पायरी चढते. समोरचा माणूस एका दमात तीन प्रश्न विचारतो. ती गोंधळते आणि पहिलाच दाखवलेला तागा पसंत करून घरी येते. पुढं कापड धुतल्यावर आटतं, रंग सोडतं, नाहीतर बाहीपुरतं कमी पडतं.

मी परभणीत राहते, लोकांचे ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत बऱ्याच दुकानांत माझं जाणंयेणं आहे. कापडाबद्दल आपल्याला जे कळायला हवं, ते बहुतेक सगळं काउंटरपलीकडच्या माणसाला ठाऊक असतं, असं माझं ठाम मत आहे. दिवसभर त्याचे हात कापडातच असतात. कोणता माल परत आला, कोणत्या रंगाची तक्रार आली, कोणतं अस्तर आखडलं, हे त्याला पाठ असतं. पण आपण होऊन तो सांगत नाही, कारण समोरच्याला ते हवं आहे की नाही हे त्याला कळत नाही. चार शब्द बोलल्यावर सांगतो. ते चार शब्द कोणते, कधी आणि कुणाशी बोलायचे, तेवढंच इथं लिहिते.

१. घरून निघताना पिशवीत काय हवं

– टेप. दुकानातली लोखंडी पट्टी असतेच, पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजायला आपला टेप बरा.

– वही. ज्याचं शिवायचं त्याची उंची, छाती, कंबर, बाहीची लांबी लिहिलेली. दुकानात उभं राहून घरी फोन करून माप विचारू नका, घाईत सांगितलेलं माप चुकतं.

– साडीवरचा ब्लाऊज असेल तर साडीच न्या. मोबाइलमधल्या फोटोवर रंग जुळवायला जाल तर फसाल.

– आवडलेल्या जुन्या कापडाची कात्रण. चार बोटांची पुरते. "असं मऊ, पण जरा जाड" हे शब्दांत सांगता येत नाही. कात्रण हातात दिली की तो बोटांनी चोळतो आणि बरोबर त्याच कप्प्याकडं वळतो.

– एक पांढरा रुमाल आणि पाण्याची छोटी बाटली. कशाला ते पुढं येईल.

२. आधी दुकान ओळखा

साडीच्या मोठ्या शोरूममध्ये अस्तर मागू नका. अस्तर, टू बाय टू (ब्लाऊजचं पातळ कापड), फॉल, परकराचं पॉपलीन, रीळ आणि लेस यांसाठी मॅचिंग सेंटर. शर्ट-पँटसाठी शर्टिंग-सूटिंगचं दुकान. ड्रेस मटेरियल आणि मीटरवर मिळणारं कुर्त्याचं कापड यांची दुकानं वेगळी. कटपीसवाला वेगळा, त्याच्याकडं नशीब लागतं, पण लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्यांना त्याच्याइतकं स्वस्त कुठंच मिळत नाही.

कच्चं शिवून बघायला मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, लागतं. नवीन माप, नवीन गळा किंवा नवीन बाही असली की आधी मांजरपाटावर कापून बघा. ते मागितलं की दुकानदाराला कळतं की समोरची व्यक्ती गंभीरपणे शिवणारी आहे. पुढच्या बोलण्यात याचा उपयोग होतो.

३. वेळ

बोलायचं असेल तर त्यांना बोलायला सवड हवी. सकाळी अकराच्या पुढं, जेवणाच्या आधी, आठवडी बाजाराचा दिवस सोडून. बाजारच्या दिवशी खेड्यातली मंडळी सामान भरायला येतात, तेव्हा काउंटरवर कोपर टेकायला जागा नसते.

महालक्ष्म्यांच्या आधीचा आठवडा, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई, अक्षय्य तृतीया, जूनमधले शाळेचे गणवेश, रमजानचे शेवटचे दहा दिवस आणि जावयाला धोंड्याचं जेवण असतं तो अधिक महिना, एवढ्या काळात फक्त घ्यायला जा, शिकायला जाऊ नका. शिकायला सगळ्यात चांगला काळ म्हणजे पितृपक्ष. नवीन कपडा घ्यायचा नाही म्हणून बाजार रिकामा असतो. सेल्समन मंडळी तागे नीट लावत बसलेली असतात आणि विचारलं तर प्रत्येक कापडाची कुंडली सांगतात.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर एक पाळा: भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायच्या आधी घासाघीस करू नका, आणि वीस तागे उघडायला लावून रिकाम्या हातानं उतरू नका. एक अस्तराचा तुकडा का होईना, घ्या. त्यांची श्रद्धा असते आणि ती पाळल्यानं आपलं काही जात नाही.

४. हाक आणि नमस्कार

आपल्याकडं दुकानात चढल्यावर एकदम "दोन मीटर द्या" म्हणणं रुक्ष वाटतं. राम राम, नमस्कार, जय भीम, सलाम, जे तुमच्या तोंडी असेल ते म्हणा. वयानं मोठा असेल तर काका किंवा मामा, बरोबरीचा असेल तर दादा किंवा भाऊ, मुस्लिम दुकानात भाई किंवा चाचा. काउंटरवर बाई असेल तर ताई. शेठ हा शब्द फक्त गल्ल्यावर बसलेल्यासाठी. नोकरी करणाऱ्या माणसाला शेठ म्हटलं की तो अवघडतो.

तिकडून ताई, मावशी, लातूर-धाराशिवकडं अक्का, असं काहीही येईल. नांदेडला, संभाजीनगरला "क्या होना बाजी?" असंही विचारतील. तुम्ही मराठीत उत्तर दिलं तरी काही अडत नाही. दोन्ही भाषा तिथं सगळ्यांना कळतात.

५. पहिलं वाक्य

संवाद बहुधा असा सुरू होतो.

"काय दाखवू ताई?"

"ब्लाऊजपीस."

"देण्याघेण्याचं का वापरायचं?"

नवीन माणूस इथंच चुकतो, कारण या प्रश्नावर पुढचं सगळं ठरतं. आपल्याकडं लग्न, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांती, ओटी भरणं, कुठंही ब्लाऊजपीस द्यावा लागतो. दिलेला पीस पुष्कळदा न शिवताच पुढच्या घरी जातो. म्हणून दुकानात आहेराचा माल वेगळाच असतो. तो पातळ असतो, खळ भरून कडक केलेला असतो, मोठ्या मापाचा ब्लाऊज निघणार नाही इतका आखूडही असतो आणि स्वस्त असतो. यात फसवणूक काही नाही, तो त्याच कामासाठी केलेला असतो. पण तुम्ही "दाखवा काहीही" म्हणालात, तर तोच गठ्ठा आधी पुढ्यात येईल. खळ ओळखायची असेल तर कापडाचा कोपरा दोन बोटांत जोरात चोळा. पांढरी पूड निघाली, कापड ढिलं पडलं, तर धुतल्यावर त्याची जाळी होणार.

म्हणून पहिलं वाक्य हे म्हणा: "शिवायचंय, मी स्वतःच शिवते."

दुसऱ्या वाक्यात तीन गोष्टी सांगा. काय शिवायचं, कुणासाठी, आणि ते कुठं वापरलं जाणार. "सासूबाईंचा रोजचा ब्लाऊज आहे, शेतात जातात, घाम लई येतो." एवढं कानावर पडलं की तो समोरचे चमकणारे तागे बाजूला सारतो आणि मागच्या कप्प्यातला टू बाय टू काढतो. टू बाय टूचा ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) दोन्ही दुपदरी सुताचे असतात, म्हणून ते पातळ दिसलं तरी टिकतं. तुम्ही नुसतं "चांगलं दाखवा" म्हणाला असता, तर त्यानं महाग दाखवलं असतं. दुकानात चांगलं म्हणजे महाग असाच अर्थ घेतला जातो.

गिऱ्हाईकाचं शिवत असाल तर तेही लपवू नका. "गिऱ्हाईकाचं आहे, परत यायला नको" म्हटलं की रंग सोडणारा माल तो स्वतःच बाजूला ठेवतो.

आणि नुसतंच बघायला गेला असाल तर ते सुरुवातीलाच सांगा. "आज घ्यायचं नाही दादा, दिवाळीला घ्यायचंय, जरा माहिती पाहिजे." रिकाम्या वेळात गेलात तर फारसं कुणी नाही म्हणत नाही. शेवटी सांगितलं, तर त्यानं उघडलेल्या प्रत्येक ताग्याची घडी त्याला पुन्हा घालायची असते, आणि दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला ते लागतं.

६. कापडाला हात लावत विचारायचे प्रश्न

हे प्रश्न यादी वाचल्यासारखे विचारू नका. तागा उलगडत असताना, बोटांनी कापड बघत बघत विचारा.

"पन्हा किती?" हा पहिला. ३६, ४४ आणि ५८ इंच हे नेहमीचे पन्हे. कापड किती लागणार हे यावरच अवलंबून असतं. ४४ च्या पन्ह्यात गुडघ्याखाली येणाऱ्या, बाहीच्या कुर्त्याला साधारण अडीच मीटर धरा. ५८ च्या पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० आणि पँटला १.२० मीटर, हे माप दुकानदारांच्या तोंडात बसलेलं आहे. ब्लाऊजला ८० सेंटिमीटर ते १ मीटर. उंची जास्त असेल किंवा कोपरापर्यंत बाही असेल तर पूर्ण मीटरच. मोठे चेक्स, एकाच दिशेचा छापा आणि मखमल यांना जास्त लागतं, कारण तुकडे उलटसुलट बसवता येत नाहीत. "छापा एका बाजूचा आहे का?" हे विचारायला विसरू नका. फुलं सगळी एकाच दिशेला उभी असतील तर मागचा भाग उलटा कापल्यावर ती डोक्यावर उभी राहतात.

"कुठला माल आहे?" हा प्रश्न गप्पांसारखा वाटतो, पण मला याचा फार उपयोग झाला. आपल्या भागात कापूस पिकतो, तरी दुकानातलं बहुतेक कापड बाहेरून येतं. सुरत म्हटलं की जॉर्जेट, क्रेप, सॅटिन, बहुधा कृत्रिम धागा. इचलकरंजी म्हटलं की यंत्रमागाचं सुती. मालेगाव-भिवंडीही यंत्रमागाचीच गावं. जेतपूर, सांगानेर ही छपाईची नावं. "सुरतचं प्युअर कॉटन आहे" असं ऐकलं तर दुसऱ्यांदा विचारा. रागावून नाही, "दादा, मिक्स असेल तर सांगा, मला अस्तर त्याप्रमाणं घ्यायचंय" असं. कारण दिलं की माणूस सहसा खरं सांगतो. तुमचा संशय दिसला तर आपल्याच मालाची बाजू घेत बसतो.

दुकानातल्या बोलीतले काही शब्द ओळखून ठेवा. "मिक्स" म्हणजे सुतात पॉलिस्टर. "कॉटनसारखं" म्हणजे कॉटन नव्हे. "चालू माल" म्हणजे हलका, पण खपणारा. "गॅरंटी" हा शब्द बिलावर नसेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. आणि "रेयॉन आहे ताई, कॉटनच समजा" हे वाक्य आलं तर समजू नका. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून करतात. अंगाला थंड लागतं, सुंदर झुळझुळतं, पण कापताना सरकतं, धुतल्यावर आटतं आणि ओलं असताना कमजोर असतं. नव्या हाताला सुरुवातीला रेयॉन घेऊ नका, असा माझा आग्रह आहे. पॉपलीन किंवा केंब्रिक असं साधं सुती घ्या, ते कात्रीखाली जागेवर राहतं.

धाग्याची परीक्षा करायची तर कडेचे दोन धागे मागून घ्या आणि घरी आल्यावर जाळून बघा, दुकानात काडी पेटवू नका. सूत कागदासारखं जळतं, वास कागदाचा येतो, राख भुसभुशीत होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. कागदाचा वास आणि शिवाय कडक कण, दोन्ही आलं तर मिक्स. रेयॉनही कागदासारखंच जळतं, म्हणून त्याला दुसरी परीक्षा: धागा ओला करून ओढा. रेयॉनचा चटकन तुटतो, सुताचा ओला झाल्यावर उलट चिवट होतो.

"आटतं का?" असं विचाराल तर "नाही" हेच उत्तर मिळेल. "भिजवून कापू का तसंच कापू?" असं विचारा. या प्रश्नावर खरं उत्तर येतं. सुती कापड १०० सेंटिमीटरमागं चार-पाच सेंटिमीटर आटणं यात विशेष काही नाही. अडीच मीटरच्या कुर्त्यात म्हणजे १० सेंटिमीटर गेलेच. तेवढं जास्त घ्या आणि कापायच्या आधी रात्रभर भिजवा. अस्तर तर हमखास भिजवा. वरचं कापड जागेवर आणि अस्तर आत आखडलेलं, अशा ब्लाऊजला सुरकुत्या पडतात, मग कितीही इस्त्री करा.

"रंग जातो का?" यासाठी पिशवीतला रुमाल. "दादा, एक कोपरा पुसून बघू का?" असं विचारा आणि ओला रुमाल कडेला दाबून घासा. लाल, काळा, गडद निळा आणि हिरवा यांची परीक्षा केल्याशिवाय घेऊ नका. संक्रांतीच्या आधी काळं कापड भरपूर येतं, त्यात रंग सोडणारंही असतं. विचारून केलंत तर कुणी नाही म्हणत नाही. न विचारता मालावर पाणी लावलं तर कुणालाही राग येईल.

रंग जुळवायला "जरा उजेडात बघू का?" म्हणा आणि तागा दाराशी न्या. दुकानातल्या ट्यूबखाली राणी आणि मरून, काळा आणि गर्द निळा यांत फरकच कळत नाही. रीळही तिथंच, त्याच उजेडात जुळवा.

संभाजीनगरात हिमरू, म्हणजे तिथलं नक्षी विणलेलं कापड, घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही असतं आणि मागच्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे सुटलेले असतात. त्याचं जाकीट किंवा ब्लाऊज शिवायचं तर अस्तराशिवाय शिवू नका, ते धागे नखात अडकून ओढले जातात. "हातमागाचं का यंत्रावरचं?" हे सरळ विचारा. पैठणी असेल तर उलटी बाजूही दाखवायला सांगा, हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागं मोकळ्या धाग्यांचं जाळं दिसलं तर ती यंत्रावरची समजा.

खादी भांडारात बोलणं सगळ्यात निवांत होतं. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात, आणि आपल्याकडच्या खादीवाल्यांना त्याचा अभिमान असतो. तिथल्या जुन्या माणसांना सुताबद्दल विचारलं तर वेळेचं भान राहत नाही. गांधी जयंतीच्या सुमारास सूट असते, खादी घ्यायची तर तेव्हा घ्या. हातमागावर पन्हा थोडा कमीजास्त भरतो, म्हणून टेप लावून बघा.

७. मोजणी आणि कात्री

मोजताना गप्पा थांबवा. बाकी सगळा वेळ बोला, पण पट्टी कापडावर फिरायला लागली की नुसतं बघा. कापड ताणून मोजलं जातं का, हे बघायचं. ताणलेलं कापड घरी गेल्यावर कमी भरतं, होजिअरीचं आणि लवचीक कापड तर फारच. "दादा, ढिलं सोडून मोजा" एवढंच म्हणा, आवाज न चढवता. पट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो, तो बघणं हा तुमचा हक्क आहे.

वार आणि मीटर यांचा घोळ अजून संपलेला नाही. जुनी माणसं वारात सांगतात, विक्री मीटरवर होते. वार म्हणजे ३६ इंच, मीटर म्हणजे ३९ इंचाहून थोडं जास्त. आजीनं "पाच वार आण" म्हटलं तर ते साडेचार मीटरहून जरासं जास्त होतं. पाच मीटर आणलंत तर अर्ध्या मीटरच्या आसपास पैसे वाया.

सुती कापड असेल तर कात्रीनं कापण्याऐवजी "फाडून द्या" म्हणा. फाडलेलं कापड आडव्या धाग्यावर सरळ येतं. कात्री तिरकी गेली तर एका बाजूला चार बोटं कमी पडतात आणि ती आपल्याला घरी घडी घातल्यावरच दिसतात. जॉर्जेट, रेयॉन, सॅटिन फाडायला सांगू नका, त्यांचे धागे ओढले जातात.

गळ्याला किंवा बाहीला उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेली) पट्टी लावायची असेल तर आधीच सांगा. तो लगेच "मग पाव मीटर जास्त घ्या" म्हणेल. इथं तो विक्री वाढवत नसतो, उरेब कापताना कापड खरंच जास्त जातं.

कापायच्या आधी पूर्ण तुकडा एकदा उलगडून बघा. डाग, भोक, तुटलेला धागा, छाप पुसट झालेली जागा. कात्री लागल्यावर सगळे हात वर करतात, आणि त्यांचंही चूक नसतं.

८. भाव

कापडाबद्दल विचारायचं ते सेल्समनला, भावाबद्दल विचारायचं ते गल्ल्यावर. सेल्समनच्या हातात दहा-वीस रुपयांपलीकडं काही नसतं, त्याच्याशी ताणत बसलात तर तो कापडाचं बोलणंही आखडतं घेतो. मीटरच्या मालावर "बरोबर लावा" एवढं म्हणावं आणि थोडं थांबावं. "तुम्हाला जास्त लावतो का ताई?" हे उत्तर येणारच. त्यानंतर एकदाच, नेमकं मागा: "तीन ब्लाऊजचं अस्तर घ्यायलेय, त्यात काहीतरी कमी करा."

ताग्याचा शेवटचा तुकडा उरत असेल तर तोच विचारेल, "सव्वा मीटर राहायलंय, सगळंच घेता का? लावून देतो." तुम्हाला त्यातून काही निघत असेल तरच घ्या. शिवणाऱ्याच्या घरी असे "लावून दिलेले" तुकडे पेटीभर साठतात.

"एकच भाव" अशी पाटी असेल तर भाव करू नका. तिथं जुळणारं रीळ किंवा पिको-फॉलमध्ये सवलत मागता येते.

९. ते विचारतील त्याची उत्तरं

गप्पा दोन्ही बाजूंनी होतात. "कुठल्या तुम्ही?" "तिकडं पाऊस झाला का?" याला वेळ घालवणं समजू नका. आपल्याकडं कापडाचा धंदा सोयाबीन-कापसाच्या पैशावर चालतो. पाऊस गेला की दुकानातल्या माणसाच्या घरीही ओढ बसते. खरं उत्तर द्या, त्याच्या गावचंही विचारा. माणूस ओळखीचा होतो तो इथं.

"शिलाई काय घेता?" असं विचारलं तर तुमचा खरा दर सांगा, लाजून कमी सांगू नका. मॅचिंग सेंटरमध्ये रोज बाया विचारतात, "शिवून देणारं कुणी आहे का?" तुमचं नाव तिथूनच पुढं जातं. नवीन शिवणाऱ्यांना पहिली कामं मिळण्याचा याहून भरवशाचा रस्ता मला तरी माहीत नाही. मात्र दुकानदारानं त्याच्या घरचं काम दिलं तर त्याचीही शिलाई घ्या. पहिल्यांदा फुकट केलंत तर पुढं मागता येत नाही.

"आडनाव काय?" हा प्रश्न कशासाठी असतो हे आपल्या सगळ्यांना कळतं. सांगायचं नसेल तर नाव आणि गल्ली सांगा: "मी सुनीता, स्टेशन रोडला राहते." बहुतेक वेळा पुढं कुणी विचारत नाही. कुणी विचारलंच, आणि उत्तर ऐकून त्याचं बोलणं बदललं, तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नका. कापड दुसरीकडंही मिळतं.

तब्येतीवरून बोलणारेही भेटतात. "तुम्हाला अडीच नाही पुरायचं." माणूस अंदाजानं बोलतो, मनाला लावून घेऊ नका, छातीचं आणि उंचीचं माप इंचात सांगा, बोलणं पुन्हा कापडावर येतं. फोन नंबर फक्त कामापुरता द्या. बोलणं अंगावर यायला लागलं तर "भाऊ, कापडाचं बोला" असं मोठ्यानं, गल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणा. मोठ्यानं बोलल्याचा संकोच अजिबात बाळगू नका.

१०. बिल, तक्रार आणि पुढचं येणं

मोठी खरेदी असेल तर पक्कं बिल मागा. कच्च्या चिठ्ठीवर बदलून मिळतं ते फक्त ओळखीवर. "किती दिवसांत बदलून द्याल?" हे पैसे द्यायच्या आधी विचारा, आणि जमलं तर बिलाच्या पाठीमागं लिहून घ्या.

कापडात खोट निघाली तर न कापता, न धुता, बिलासह, गर्दी नसताना जा. आधी त्याच सेल्समनला गाठा: "दादा, मधे धागा तुटलाय बघा, अजून कात्री लावली नाही." थेट गल्ल्यावर जाऊन तक्रार केलीत तर त्याच्या पगाराला झळ लागू शकते, आणि तो आपली चूक नव्हतीच हे सिद्ध करण्यात गुंततो. त्यानं हात झटकले तर मग शेठकडं जा. मोजणीत फसवणूक झाली असेल आणि दुकान दाद देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

कापड चांगलं निघालं तर तेही सांगायला जा. शिवलेला कपडा घालून गेलात तर उत्तमच. त्यानं ताग्यात पाहिलेलं कापड अंगावर कसं पडलं, हे त्याला सहसा कधी बघायला मिळत नाही. गल्ल्यावरच्या शेठला ऐकू जाईल असं म्हणा, "तुमच्या या दादांनी सांगितलं म्हणून केंब्रिक घेतलं, छान बसलं." अशा वेळी मी पाहिलंय, माणूस लगेच विचारतो: अस्तर कोणतं लावलं, धुतल्यावर किती आटलं, गिऱ्हाईक काय म्हणालं. त्याला तुमच्याकडून कळलेलं तो पुढच्या शिवणाऱ्याला सांगतो.

ओळख झाली की नवा माल आला म्हणजे तो व्हॉट्सअपवर फोटो पाठवेल. त्या फोटोवरून रंग ठरवू नका आणि आधी पैसेही पाठवू नका. तीन मीटर बाजूला ठेवायला सांगा, कधीपर्यंत येता ते सांगा आणि त्या दिवशी नक्की जा. जमणार नसेल तर तसं कळवा, म्हणजे तो तुकडा दुसऱ्याला देईल.